खेळ संपल्यावर पोशाख कुठे जातो?



जानेवारी लागला की शाळांची स्नेहसंमेलने सुरू होतात. मग १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि पुढे ३१ मे रोजी अहिल्यादेवींची जयंती. या पाच महिन्यांत आपल्या जिल्ह्यातल्या शिलाई मशीनला उसंत नसते. कुणाला मावळ्याचा अंगरखा हवा असतो, कुणाला जिजाऊंचे लुगडे, तर कुणाला वासुदेवाचा घोळदार अंगरखा. बचत गटातल्या आम्ही बायका ही कामे घेतो, रात्र जागवतो आणि वेळेवर देतो. कार्यक्रम होतो, फोटो निघतात, टाळ्या पडतात. त्यानंतर त्या पोशाखाचे काय होते, हे विचारायला कुणी थांबत नाही.

आज आम्ही तेच विचारणार आहोत. इतिहासातल्या माणसांचे कपडे आजवर कुणी सांभाळले, ते पुढे कुठे गेले आणि त्यातून आपण काय शिकायचे, ही आजची गोष्ट.

सुरुवात करू दादासाहेब फाळक्यांपासून. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्या काळी सिनेमात काम करायला बाई मिळेना. शेवटी एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसले आणि राणी तारामती झाले. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. सरस्वतीबाई फाळक्यांची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. सिनेमा करणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केला, नटांचे कपडे धुतले आणि वर फिल्मवरचे कामही शिकून घेतले. म्हणजे आपल्या देशाच्या पहिल्या कथापटाचे पोशाख सांभाळले ते एका घरच्या बाईने, चूल आणि लेकरे सांभाळून. आज राणी तारामतीचे ते लुगडे आपल्याला दिसते ते वाचलेल्या थोड्याशा रिळांवर.

दुसरी गोष्ट बालगंधर्वांची. नारायणराव राजहंस हे त्यांचे नाव, जन्म १८८८ चा. त्यांनी स्त्रीभूमिका केल्या आणि त्या अशा केल्या की प्रेक्षागृहातल्या बायका त्यांच्याकडे बघून लुगडे कसे नेसावे आणि अंबाड्यावर गजरा कसा माळावा, हे ठरवू लागल्या. रंगमंचावर नकली कापड त्यांना चालत नसे. खरे शालू, खऱ्या पैठण्या, खरे अत्तर. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केले, तेव्हा त्या प्रयोगाला अफाट गर्दी झाली. पण या थाटामाटाच्या खर्चात त्यांची नाटक मंडळी कर्जात बुडाली, हेही तितकेच खरे.

इथे जरीबद्दल सांगायला हवे. जुन्या खऱ्या जरीत चांदीची बारीक पट्टी रेशमी धाग्यावर गुंडाळलेली असे आणि तिला सोन्याचा मुलामा असे. त्यामुळे शालू विरला तरी त्याला भाव होता. जुनी जरीची वस्त्रे विकत घेऊन ती जाळायची आणि राखेतून चांदी काढायची, हा एक धंदाच होता. घराघरांतले किती शालू असे गेले असतील! उरलेले साधे कापड बोहारणीकडे गेले आणि त्या बदल्यात एखादे पातेले किंवा तपेली घरात आली. जे त्याहूनही जीर्ण होते, त्याची गोधडी झाली. आपल्या आजीच्या गोधडीत नीट पाहिले तर एखादा काठ अजून चमकताना दिसतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. संगमनेर तालुक्यातले हिवरगाव पावसा हे पवळाबाईंचे गाव. पट्ठे बापूरावांच्या बरोबरीने तमाशाच्या बोर्डावर उभी राहणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतात. पुढे संगमनेरलाच राहून तमाशाचा फड चालवणाऱ्या कांताबाई सातारकर झाल्या. वगात त्यांनी शिवाजी महाराजांची भूमिका केली. विचार करा मैत्रिणींनो, एकीकडे पुरुष लुगडे नेसून राणी होत होते आणि इकडे आपल्या भागातली एक बाई जिरेटोप घालून, कमरेला तलवार लावून हजारो लोकांसमोर महाराज म्हणून उभी राहत होती. कांताबाई २०२१ साली गेल्या.

तमाशाच्या फडात पोशाख पेटीत राहतो. आज या गावच्या जत्रेत, उद्या पुढच्या गावच्या. एकच अंगरखा आज राजाचा, उद्या सरदाराचा, परवा कोतवालाचा होतो. घामाने कापड कुजते, ट्रकच्या प्रवासात टिकल्या गळतात, म्हणून पुन:पुन्हा टाके घालावे लागतात. असा पोशाख फाटेपर्यंत वापरला जातो आणि फाटला की त्याचे काठ, बटणे, टिकल्या काढून दुसऱ्याला लावतात. राजवाड्यातला शालू संग्रहालयात जातो. कष्टकऱ्याचा आणि कलावंताचा कपडा वापरून संपतो. त्यामुळे संग्रहालयातले कपडे पाहून जुन्या काळी सगळेच रेशीम नेसत होते असे वाटते, आणि ते खरे नसते.

आपल्या नगरचाच आणखी एक माणूस. शाहू मोडक यांचा जन्म १९१८ साली नगरला, एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. सिनेमात त्यांनी श्रीकृष्णाची भूमिका इतक्या वेळा केली की कृष्ण म्हटले की लोकांना त्यांचाच चेहरा आठवे. १९४० साली प्रभात कंपनीच्या ‘संत ज्ञानेश्वर’ या चित्रपटात ते ज्ञानेश्वर झाले. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती आपल्या नेवाशात आणि पडद्यावर ज्ञानेश्वर झाला तोही आपल्या नगरचा मुलगा. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ साली पुण्याला आली आणि १९५३ साली बंद पडली. तिच्याच जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. त्या आवारात प्रभातच्या आठवणींचे संग्रहालय आहे आणि तिथे त्या काळचे पोशाख व वस्तू जपून ठेवल्या आहेत. कंपनी बुडाली तरी कपडे वाचले, कारण त्यांना ठेवायला एक जागा मिळाली.

आता भानू अथैया यांची गोष्ट. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यात १९२९ साली त्यांचा जन्म झाला. वडील अण्णासाहेब चित्रकार. भानू लहान असतानाच ते वारले. पुढे भानू मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि सिनेमासाठी वेशभूषा करू लागल्या. ‘गांधी’ या चित्रपटासाठी त्यांनी आणि जॉन मोलो यांनी मिळून वेशभूषा केली. दक्षिण आफ्रिकेतल्या सुटाबुटातल्या तरुण वकिलापासून पंचा नेसलेल्या म्हाताऱ्या गांधीजींपर्यंत पन्नासहून अधिक वर्षांचा काळ कपड्यांतून दाखवायचा होता. कस्तुरबा झाल्या होत्या आपल्या रोहिणी हट्टंगडी. गांधीजींच्या अंत्ययात्रेच्या प्रसंगासाठी दिल्लीत तीन लाखांच्या आसपास माणसे जमली होती. या कामासाठी १९८३ साली भानूताईंना ऑस्कर मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

आणि मग त्यांनी काय केले? २०१२ साली ती ऑस्करची बाहुली त्यांनी अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवली. आपल्यामागे ती नीट सांभाळली जाईल की नाही, ही काळजी त्यांना होती. रवींद्रनाथ टागोरांचे नोबेल पदक २००४ साली शांतिनिकेतनातून चोरीला गेले होते, म्हणजे काळजी उगाच नव्हती. २०२० साली भानूताई गेल्या. देशाला पहिले ऑस्कर आणणाऱ्या बाईला आपल्या कामाची निशाणी परदेशी ठेवावीशी वाटली, हे आम्हाला फार लागते.

परदेशात तरी सगळे जपले जाते का? तसेही नाही. अमेरिकेतल्या एमजीएम या मोठ्या सिनेमा कंपनीने १९७० साली आपल्या गोदामातले पोशाख लिलावात काढले. डेबी रेनॉल्ड्स नावाच्या नटीने त्यांतले पुष्कळ स्वतःच्या पैशाने घेतले. संग्रहालय उभारावे म्हणून तिने चाळीस वर्षे खटपट केली. ते जमले नाही आणि २०११ साली तिला तो संग्रह विकावा लागला. त्या लिलावात मेरिलिन मन्रोच्या एका पांढऱ्या झग्याला ४६ लाख डॉलरची बोली लागली. ज्या हातांनी तो शिवला, त्यांना मिळाली होती फक्त शिलाई.

इंग्लंडमधली एक गोष्ट मात्र सुखाची आहे. १८८८ साली एलन टेरी या नटीसाठी एक हिरवा झगा तयार झाला. त्यावर हिरव्या भुंग्यांचे सुमारे हजार पंख टाकलेले होते. शिवणारीचे नाव होते अ‍ॅडा नेटलशिप. नटीच्या मागे तिच्या मुलीने आईचे घर आणि कपडे जपले. पुढे तो झगा दुरुस्त करायला कारागिरांना तेराशे तास लागले आणि २०११ साली तो पुन्हा त्याच घरात आला. लक्षात घ्या, तिथे नटीचे नाव टिकले तसे शिवणारीचेही टिकले, कारण कुणीतरी ते लिहून ठेवले होते.

आता आपल्या कामाकडे येऊ. अहिल्यादेवींचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीत झाला. २०२५ साली त्यांची त्रिशताब्दी झाली. जिल्ह्यालाही त्यांचे नाव मिळाले. गावोगावच्या मुली पांढरे लुगडे नेसून, डोक्यावर पदर घेऊन, हातात शिवलिंग धरून उभ्या राहिल्या. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले आणि अहिल्यादेवींना वैधव्य आले. पुढे त्यांनी महेश्वरला विणकर वसवले आणि महेश्वरी लुगड्याला नाव मिळाले. म्हणजे आपण जिचा पोशाख शिवतो, तिला कापडाची आणि कापड विणणाऱ्यांची किंमत ठाऊक होती. आणखी एक गोष्ट मुलींना जरूर सांगा. शिलाई मशीन बाजारात आले ते १८५० च्या सुमारास. अहिल्यादेवींच्या काळी कपड्यातला एकूण एक टाका हाताचा होता.

अशाच एका कार्यक्रमाला आमच्या गटांनी शिवलेले पोशाख गेले होते. निवेदकाने ड्रेपरी भाड्याने देणाऱ्याचे, मंडपवाल्याचे आणि स्पीकरवाल्याचे नाव घेऊन आभार मानले. शिवणाऱ्या बायकांचे नाव आले नाही. पैसे मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण तोच पोशाख ड्रेपरीवाला पुढे पाच-सात वर्षे भाड्याने देतो आणि दर हंगामाला कमावतो, हे आम्हाला तेव्हा नीट कळले. सरस्वतीबाईंपासून आपल्यापर्यंत कष्ट बाईचे राहिले आणि नाव व कमाई दुसऱ्याची. हे बदलायचे तर हिशोब आपल्या हातात घ्यावा लागेल. म्हणून आम्ही गटांना चार गोष्टी सुचवतो.

पहिली, प्रत्येक पोशाखाच्या आत एक कापडी चिठ्ठी टाचा. तिच्यावर शिवणारीचे नाव, गाव, साल आणि पोशाख कुणाचा, हे न जाणाऱ्या शाईने लिहा.

दुसरी, शिवताना शिवणीत माया जास्त ठेवा. अंगरख्याला बटणाऐवजी बंद लावा. यंदा सातवीतल्या मुलाला झालेला अंगरखा पुढे दहावीतल्याला सैल करून देता येतो.

तिसरी, सगळे विकून टाकू नका. दरवर्षी दोन-तीन पोशाख गटाच्या मालकीचे ठेवा आणि अनामत घेऊन भाड्याने द्या. कोण घेऊन गेले, कधी परत आले, काय फाटले, हे वहीत लिहा. ही वही म्हणजे गटाचा धंदा, आणि वीस वर्षांनी तोच गावाचा इतिहास.

चौथी गोष्ट जपणुकीची. पोशाख खळ काढून, धुऊन, सावलीत पूर्ण वाळवा, कारण खळीला कसर लागते. टाचण्या आणि पिना काढून घ्या, त्यांचा गंज कापड खातो. वर्तमानपत्रात न गुंडाळता जुन्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. लोखंडी ट्रंकेला आतून कापड लावा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला, म्हणजे कापड एकाच रेघेवर तुटत नाही.

आणि जमले तर गावातला एक तरी पोशाख कायमचा राखून ठेवा. शाळेच्या कपाटात, ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात, काचेआड, चिठ्ठीसकट. तीस वर्षांनी एखादी मुलगी तिथे उभी राहील. पोशाख अहिल्यादेवींचा आहे हे तिला बघताच कळेल. तो आपल्या आजीने शिवला होता, हे तिला त्या चिठ्ठीवरून कळेल.

तुमच्या गावात असा जुना पोशाख कुणाच्या पेटीत असेल, तर या आठवड्यात तो बाहेर काढा, ऊन न लागता हवा द्या, आणि तो कुणी शिवला हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. बैठकीला येताना ती नोंद घेऊन या.