पाच तासांत वीस मीटर

पीएच.डी.च्या प्रबंधाविषयी आपल्याकडे आदरापेक्षा विनोदच अधिक. चार-पाच वर्षे खपायचे, जाडजूड बाड बांधून विद्यापीठात द्यायचे आणि मग ते ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडायचे, असे चित्र आपण रंगवतो. ते अगदीच खोटे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु आज मी तुम्हाला चार प्रबंधांची एक साखळी सांगणार आहे. त्यांतला कुठलाही एक सुटा काढून पाहिला, तर 'याचा उपयोग काय?' असा प्रश्न कुणालाही पडेल. ते एकापुढे एक मांडले की मात्र थेट मंगळापर्यंत जाणारी वाट दिसू लागते.

विषय आहे यंत्राला डोळा देण्याचा. यंत्रावर कॅमेरा बसवणे हा त्यातला सोपा भाग. त्या कॅमेऱ्यात आलेल्या चित्रावरून 'मी कुठे आहे, समोरची वस्तू किती लांब आहे आणि पुढे जायला वाट आहे का' हे यंत्राला स्वतःचे स्वतः कळणे, ही खरी अवघड गोष्ट. या शास्त्राला संगणक-दृष्टी म्हणतात आणि अलीकडे तिच्या या शाखेला 'अवकाशीय बुद्धिमत्ता' असे भारदस्त नाव मिळाले आहे. इथे अवकाश म्हणजे आकाश नव्हे, आपल्या भोवतीची जागा.

गोष्ट सुरू होते १९६० च्या सुमारास, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात. चंद्रावर एखादी गाडी उतरवून ती पृथ्वीवरून चालवता येईल का, असा विचार तेव्हा चालू होता. जेम्स ॲडम्स या यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने त्यातली एक साधी अडचण हेरली. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर. गाडीवरच्या कॅमेऱ्याचे चित्र आपल्यापर्यंत यायला सव्वा सेकंद आणि आपली आज्ञा तिथे पोचायला आणखी सव्वा सेकंद. म्हणजे खड्डा दिसला म्हणून आपण ब्रेक दाबेपर्यंत अडीच सेकंद उलटून गेलेली असणार. ॲडम्स यांनी सायकलची चार छोटी चाके, विजेच्या मोटारी, बॅटरी आणि टीव्हीचा कॅमेरा जोडून एक गाडा तयार केला आणि चित्र व आज्ञा यांच्यामध्ये मुद्दाम अडीच सेकंदांचा उशीर घालून तो चालवून पाहिला. १९६१ च्या त्यांच्या प्रबंधाचा निष्कर्ष असा, की इतका उशीर असेल तर ताशी सुमारे ३०० मीटरपेक्षा अधिक वेगाने गाडी भरवशाने चालवता येत नाही. मुंगीच्या पावलांनी जायचे, नाहीतर गाडीने स्वतः पाहायला शिकायचे!

त्याच वर्षी मे महिन्यात अध्यक्ष केनेडी यांनी दशक संपण्यापूर्वी चंद्रावर माणूस उतरवण्याचा संकल्प जाहीर केला. माणूसच जाणार म्हटल्यावर बिनमाणसाच्या गाडीची निकड कुणाला वाटणार? ॲडम्स यांचा गाडा अडगळीत गेला. पुढे १९७० च्या नोव्हेंबरात सोव्हिएत रशियाने 'लुनोखोद-१' ही गाडी चंद्रावर खरोखरच उतरवली आणि पृथ्वीवर बसलेले पाच जणांचे पथक ती जपून जपून चालवू लागले, तेव्हा ॲडम्स यांची अडचण कागदावरची नव्हती हे सगळ्यांना दिसले.

दरम्यान अडगळीतला तो गाडा स्टॅनफर्डच्याच कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतल्या मंडळींच्या हाती लागला. चंद्राचे राहू द्या, पण संगणकाला रस्ता दाखवून पाहू या, असे त्यांनी ठरवले. रॉडनी श्मिट यांच्या १९७१ च्या प्रबंधात हा गाडा जमिनीवर ओढलेल्या पांढऱ्या रेघेवरून चालू लागला. उजेड बेताचा आणि सारखा हवा, रेघ ठळक हवी आणि वेग ताशी सव्वा किलोमीटर. दहा वर्षांच्या खटपटीनंतर एवढीच मजल. हसू येते खरे. पण रेघ काढून टाकल्यावर पुढे काय, हा प्रश्न या प्रबंधाने उघड्यावर आणला.

तो प्रश्न उचलला हान्स मोरावेक यांनी. ऑस्ट्रियात जन्मलेले मोरावेक १९७१ मध्ये स्टॅनफर्डला आले आणि जवळजवळ दहा वर्षे या गाड्यामागे लागले. त्यांची युक्ती समजून घेण्यासाठी आपण एसटीच्या खिडकीत बसू या. रस्त्याकडेचे विजेचे खांब भराभर मागे पळतात, थोडे दूरचे झाड सावकाश सरकते आणि क्षितिजावरचा डोंगर तर आपल्याबरोबरच चालल्यासारखा वाटतो. जी वस्तू जवळ ती अधिक सरकते, जी दूर ती कमी. किती सरकली हे मोजता आले तर ती किती दूर आहे याचे गणित मांडता येते. मोरावेक यांनी गाड्यावर सुमारे अर्ध्या मीटरची एक आडवी पट्टी बसवली. कॅमेरा त्या पट्टीवर सरकत सरकत नऊ ठिकाणांहून नऊ चित्रे घेई आणि संगणक त्यांतील वस्तूंच्या सरकण्यावरून अंतरे काढी.

ऐकायला सोपे वाटते, पण यात एक मेख आहे. खुर्चीचा जो कोपरा पहिल्या चित्रात आहे, तोच कोपरा बाकीच्या आठ चित्रांत नेमका कुठे गेला हे संगणकाने ओळखायचे कसे? त्याच्या दृष्टीने चित्र म्हणजे उजेड-अंधाराच्या आकड्यांचा तक्ता. पांढऱ्याशुभ्र भिंतीवरचा एखादा बिंदू घेतला तर त्याच्यासारखेच हजार बिंदू शेजारी. म्हणून मोरावेक यांनी संगणकाला चित्रातल्या अशाच जागा निवडायला शिकवले, ज्या चारही बाजूंनी शेजाऱ्यांहून वेगळ्या आहेत. एखादा कोपरा, एखादा ठिपका, एखादे टोक. अनोळखी गावात आपणही 'वडाच्या पारापासून डावीकडे' अशाच खुणा धरतो. या खुणांची गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी ती पुन्हा येणार आहे.

ऑक्टोबर १९७९ मध्ये खुर्च्या मांडलेल्या एका खोलीत हा गाडा सोडला. तो साधारण एक मीटर पुढे जाई आणि थांबे. चित्रे घेई. मग दूरचा मोठा संगणक दहा-पंधरा मिनिटे आकडेमोड करी. पुन्हा एक मीटर. अशा रीतीने सुमारे वीस मीटरची खोली माणसाच्या मदतीशिवाय, खुर्च्या चुकवत, गाड्याने पार केली. वेळ लागला जवळजवळ पाच तास! रांगणारे मूल हेच काम मिनिटभरात करील. उघड्यावर तर आणखीच पंचाईत झाली. गाडा एका जागी उभा राहून विचार करीत असताना सूर्य सरके आणि सावल्याही सरकत. सावलीची ठळक कड म्हणजे पक्की खूण, असे समजणाऱ्या संगणकाचा साहजिकच गोंधळ होई.

मला मोरावेक यांच्या १९८० च्या प्रबंधाचे मोल इथेच दिसते. यशाबरोबर हे अपयशही त्यांनी नोंदवले. ते का आले, कुठे आले, हे लिहिले. या अनुभवातूनच पुढे १९८८ मध्ये त्यांनी एक निरीक्षण मांडले. बुद्धिबळासारख्या, आपण बुद्धीचे लक्षण मानतो अशा गोष्टी यंत्राला शिकवणे तुलनेने सोपे. मात्र वर्षभराच्या मुलाला जे पाहणे आणि हिंडणे सहज जमते, ते शिकवणे महाकठीण. कारण त्या सहजतेमागे उत्क्रांतीची कोट्यवधी वर्षे आहेत. आज हा 'मोरावेक यांचा विरोधाभास' म्हणून ओळखला जातो.

मोरावेक पुढे पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात गेले आणि तिथे साखळीतला चौथा दुवा जोडला गेला. लॅरी मॅथीज या विद्यार्थ्याने १९८९ च्या प्रबंधात चुकांचा नीट हिशेब मांडला. रात्री सरळ रस्त्यावर लांब एक दिवा दिसतो. तो कोणत्या दिशेला आहे हे आपण बिनचूक सांगू. पण किती लांब, यात मोठा फरक पडू शकतो. आणि दिवा जितका दूर, तितकी ही चूक वाढत जाते. कॅमेऱ्याचेही तसेच. म्हणून जवळच्या खुणांवर जास्त आणि दूरच्यांवर कमी विश्वास ठेवून गणित करायचे. एवढ्या सुधारणेने यंत्राचा स्वतःच्या जागेविषयीचा अंदाज कितीतरी पक्का झाला. मॅथीज नंतर 'नासा'च्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत रुजू झाले.

जानेवारी २००४ मध्ये 'स्पिरिट' आणि 'ऑपॉर्च्युनिटी' या गाड्या मंगळावर उतरल्या. मंगळाकडून संदेश यायला कित्येक मिनिटे लागतात. तिथे पृथ्वीवरून सुकाणू धरण्याचा प्रश्नच नाही. त्यातून मंगळावरचे वाळूचे उतार. पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या बैलगाडीची चाके फिरतात आणि गाडी जागच्या जागी राहते, तसेच तिथे होई. चाकांचे फेरे मोजून 'आपण दहा मीटर आलो' असे समजावे आणि प्रत्यक्षात पाच मीटरही सरकलेले नसावे. मग या गाड्या काय करीत? थोडे चालत, थांबत, चित्र घेत आणि आधीच्या चित्रातले दगड किती सरकले यावरून आपण खरोखर किती सरकलो ते काढत. तीच मोरावेक यांची रीत! त्यांच्यावरचा संगणक किरणोत्सारात टिकणारा, पण इतका संथ, की अशा एका पावलाच्या हिशेबाला जवळजवळ तीन मिनिटे लागत. तरीही त्या बळावर ऑपॉर्च्युनिटी विवरांच्या उतारांवर चढली-उतरली. तिचा संपर्क तुटला तो जून २०१८ मध्ये.

आपल्या 'चांद्रयान-३'लाही ही विद्या लागलीच. २३ ऑगस्ट २०२३ रोजी 'विक्रम' उतरला तेव्हा खालची धोक्याची जागा ओळखणारा कॅमेरा त्यावर होता. चार दिवसांनी 'प्रज्ञान' गाडीसमोर तीन मीटरवर चार मीटर व्यासाचे विवर आले. तिला मागे फिरण्याची आज्ञा पृथ्वीवरून देण्यात आली आणि ती नव्या वाटेने निघाली. ॲडम्स यांच्या प्रबंधातला प्रसंगच जणू प्रत्यक्षात उतरला होता. प्रज्ञानची चाल संथ, म्हणून तो निभावला.

आता ती खुणांची गोष्ट. 'इन्जेन्युइटी' हे चिमुकले हेलिकॉप्टर १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर प्रथम उडाले. पाच उड्डाणांसाठी पाठवलेल्या या यंत्राने तब्बल बहात्तर उड्डाणे केली. खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्यातून जमिनीवरचे दगड-गोटे टिपत ते आपला वेग ओळखत असे. १८ जानेवारी २०२४ रोजी ते गुळगुळीत वाळूच्या लाटांवर होते. धरायला पुरेशा खुणाच नव्हत्या. वेगाचा अंदाज चुकला, उतरताना आडवा धक्का बसला, पाती मोडली आणि ते पुन्हा उडाले नाही. पांढऱ्या भिंतीची ती अडचण अशी चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी, दुसऱ्या ग्रहावर समोर उभी राहिली.

ॲडम्स यांचा तो गाडा आता कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयात आहे. त्याने चंद्र काही पाहिला नाही. पण त्याच्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाने 'मी इथवर आलो, इथे अडलो' असे प्रामाणिकपणे लिहून पुढच्याच्या हाती दिले. प्रबंधाचे काम हेच असते असे मला वाटते. तेव्हा तुमच्या ओळखीतली एखादी मुलगी पीएच.डी. करीत असेल, तर तिला 'याचा उपयोग काय' किंवा 'कधी संपणार' हे विचारू नका. 'सध्या कुठे अडले आहे?' एवढे विचारा आणि तिचे उत्तर निवांत ऐका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)