शिक्षकाचे सातवे वर्ष : शिंदखेड्यातून अध्ययन रजेच्या इतिहासाकडे

‘रजा’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ संमती किंवा परवानगी. सुट्टी सगळ्या शाळेला एकदम लागते. रजा मात्र ज्याने त्याने अर्ज करून मागायची आणि वरिष्ठांनी मंजूर करायची. मास्तरांना सुट्ट्या फार, असे गावोगाव म्हटले जाते. पण मास्तरांना स्वतः शिकण्यासाठी रजा किती मिळाली, केव्हापासून आणि कोणत्या अटींवर, याचा हिशेब कोणी मांडत नाही. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुका डोळ्यांसमोर ठेवून तो मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

एकोणिसाव्या शतकात हा तालुका विरदेल या नावाने ओळखला जाई. बुराईच्या काठी तालुक्याचे गाव, उत्तरेला तापी, मुडावदला पांझरा आणि तापीचा संगम, आणि मधून जाणारा सुरत–भुसावळ रेल्वेमार्ग. घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी. अशा भागातल्या शिक्षकाला शिकण्यासारखे आणि शोधण्यासारखे खूप असते. त्यासाठी लागणारा वेळ मात्र त्याला सरकारी चौकटीतूनच मिळवावा लागतो.

ट्रेनिंगला गेलेले मास्तर

1854 च्या वुडच्या खलित्याने शिक्षक तयार करणाऱ्या संस्था काढण्यावर भर दिला. 1869 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात लोकल फंडाची व्यवस्था पक्की झाली. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा पट्टी आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांना, अशी ती वाटणी होती. म्हणजे गावच्या शाळेचा खर्च बऱ्याच अंशी गावच्या शेतकऱ्याच्याच खिशातून निघत होता. त्याच्या मोबदल्यात शेतकऱ्याला काय मिळते, हा प्रश्न महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात विचारला. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांना किमान 12 रुपये पगार असावा, अशी त्यांची मागणी होती.

व्हर्नाक्युलर फायनल झालेला तरुण मास्तर होई आणि पुढे त्याला ट्रेनिंग कॉलेजात पाठवले जाई. तेथे तो किती वर्षे शिकला यावरून ‘पहिल्या वर्षाचे’, ‘दुसऱ्या वर्षाचे’, ‘तिसऱ्या वर्षाचे ट्रेंड’ अशी त्याची प्रत ठरे आणि पगारही त्याच हिशेबाने. शाळेबाहेर राहून शिकण्याची प्राथमिक शिक्षकाला मिळालेली ही पहिली मोठी सवड. मात्र ती खात्याने खात्याच्या गरजेसाठी दिलेली होती. काय शिकायचे हे खाते ठरवी आणि मास्तर परत आल्यावर त्याने ते वर्गात वापरले का, हे डेप्युटी पाहत. या व्यवस्थेने हजारो गावांना शिकवण्याची रीत समजलेला माणूस दिला, हे तिचे श्रेय आहे. पण शिक्षकालाही स्वतःचा एखादा प्रश्न असू शकतो, हे तिने गृहीत धरले नव्हते.

पड जमिनीची कल्पना

नेमके हेच गृहीत धरणारी प्रथा त्याच सुमारास अमेरिकेत सुरू झाली. 1880 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने प्राध्यापकांना दर सातव्या वर्षी अभ्यासासाठी मोकळीक देण्याचे ठरवले. तिला ‘सबॅटिकल’ म्हणतात. हा शब्द यहुदी परंपरेतला आहे. सहा वर्षे पेरावे आणि सातव्या वर्षी शेत पड ठेवावे, अशी आज्ञा त्यांच्या धर्मग्रंथात आहे. खानदेशातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. कपाशीवर कपाशी घेत गेले की काळ्या जमिनीचाही कस उतरतो आणि बेवड बदलावा लागतो, हे तो पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला आहे.

अभ्यासासाठी माणसाला निर्वाहाची चिंता नको, हा विचार खानदेशातही होता. शिंदखेड्याच्याच रेल्वेमार्गावर असलेल्या अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर सुरू झाले. साने गुरुजी 1923 मध्ये अमळनेरला आले ते प्रथम या मंदिरात अभ्यास करण्यासाठी. 1924 मध्ये ते तेथील शाळेत शिक्षक झाले आणि 1930 मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेले. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर 1927 मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. म्हणजे अभ्यासाची ठिकाणे जिल्ह्याच्या परिसरातच होती. अभ्यास करून शाळेत येणे शक्य होते; शाळेतून वर्षभर अभ्यासाला जाऊन पुन्हा शाळेत येणे हे मात्र नोकरीच्या नियमांत सहज बसणारे नव्हते.

1966 : दोन दस्तऐवज

1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शिक्षक त्यांचे कर्मचारी झाले. त्यानंतर चार वर्षांनी दोन महत्त्वाचे दस्तऐवज आले.

पहिला कोठारी आयोगाचा अहवाल. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. ग्रामीण शिक्षणाची नाडी त्यांना ठाऊक होती. प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांत किमान दोन-तीन महिने सेवांतर्गत शिक्षण मिळावे, असे अहवालाने सुचवले.

दुसरा दस्तऐवज आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनेस्को यांची शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस. ती 5 ऑक्टोबर 1966 रोजी पॅरिसमध्ये स्वीकारली गेली; आपण जागतिक शिक्षक दिन पाळतो तो याच तारखेला. शिक्षकांना ठरावीक अंतराने पूर्ण किंवा अंशतः पगारी अध्ययन रजा द्यावी आणि ती ज्येष्ठता व निवृत्तिवेतनासाठी धरावी, असे तीत म्हटले आहे. शहरांपासून दूरच्या भागातल्या शिक्षकांना ही रजा अधिक वेळा मिळावी, असेही तीत आहे. ही शिफारस कोणत्याही सरकारवर बंधनकारक नव्हती. तरी ग्रंथालय, विद्यापीठ आणि जाणत्यांची संगत ज्याच्यापासून दूर, त्याला ती जास्त हवी, हा तिचा न्याय शिंदखेड्यासारख्या तालुक्याला नेमका लागू पडतो.

नियम आणि त्यातली फट

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 1981 पासून नागरी सेवा रजा नियम लागू झाले. त्यांत अध्ययन रजेचे स्वतंत्र प्रकरण आहे. किमान पाच वर्षे सेवा, एका वेळी साधारणपणे 12 महिने आणि सगळ्या सेवेत मिळून 24 महिने ही मर्यादा, विषयाचा कामाशी संबंध आणि परत येऊन ठरावीक काळ सेवा करण्याचे बंधपत्र, अशी तिची रचना आहे. त्याच नियमांत असेही आहे की कोणतीही रजा हक्क म्हणून मागता येत नाही; लोकसेवेची निकड असेल तर ती नाकारता येते.

शिवाय शाळा हा ‘दीर्घ सुट्टी विभाग’. मे महिन्याची सुट्टी मिळते म्हणून शिक्षकाला इतर कर्मचाऱ्यांसारखी अर्जित रजा साठत नाही. अभ्यास करायचा तर सुट्टीत करा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो. जनगणना आणि निवडणुकीची कामे त्या सुट्टीतही येतात, हा भाग निराळा.

महाविद्यालयीन अध्यापकाशी तुलना केली की फरक स्पष्ट दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षे झालेल्यांना अभ्यास-संशोधनासाठी सबॅटिकल रजेची तरतूद आहे. एकाच गावात महाविद्यालयाच्या अध्यापकाला सातवे वर्ष आहे आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला त्या नावाची रजाच नाही.

अडचण केवळ खात्याच्या मनोवृत्तीची नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या 60 पर्यंत मुलांना दोन शिक्षक मिळतात. अशा द्विशिक्षकी शाळेतला एक जण वर्षभर गेला, तर पाचही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. रजा मंजूर करणारा अधिकारी मुलांकडे पाहून कचरतो आणि रजा मागणारा सहकाऱ्याकडे पाहून. नियम असूनही अर्ज लिहिताना हात आखडतो तो इथे.

म्हणून शिक्षकांनी आडवाटा काढल्या. कोणी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून एम. ए. केले. 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आले आणि नोकरी न सोडता बी. एड. करण्याची वाट मिळाली. संपर्कसत्रे सुट्टीत, अभ्यास शाळा सुटल्यावर आणि परीक्षेसाठी हाताशी असलेली किरकोळ रजा. ही जिद्द कौतुकाची आहे. पण त्या अभ्यासाचा खर्च घराने आणि प्रकृतीने भरला आहे.

वर्षभराच्या वेळाचे काय होईल?

पदवीपलीकडचा एक अभ्यास असतो, तो सुट्टीत होत नाही. पहिलीत आलेले मूल ‘मला’ऐवजी ‘माले’ म्हणते, ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हणते. शिक्षक ते चूक समजतो की भाषा, यावर त्या मुलाचे बोलणे टिकते किंवा बंद होते. अहिराणीकडून प्रमाण मराठीकडे मुले कशी येतात, कुठे अडखळतात, भिल्ल वस्तीतल्या मुलांना दोन पावले जास्त का टाकावी लागतात, हे सलग वर्षभर शाळा-शाळांत बसून टिपावे लागते. बाहेरून आलेल्या संशोधकाला त्यासाठी आधी भाषा शिकावी लागेल. इथल्या शिक्षकाला ती येते. त्याच्याकडे नसतो तो वेळ.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला 50 तास व्यावसायिक विकासाची संधी सांगितली आहे. कार्यशाळेसाठी ती ठीक आहे. अशा अभ्यासासाठी वेगळी सोय लागेल, आणि तिची सुरुवात रजेवर गेलेल्याच्या जागी काम करणाऱ्या शिक्षकापासून करावी लागेल. तालुक्याला रजा-राखीव अशी थोडी पदे असली, तर दरवर्षी तितक्या शिक्षकांना आळीपाळीने मोकळे करता येईल. त्यांनी आपला प्रश्न आधी लेखी मांडावा आणि परतल्यावर केंद्रातल्या शिक्षकांपुढे निष्कर्ष ठेवावेत, एवढी अट पुरे. 1981 च्या नियमांची चौकट त्याला आड येत नाही. दूरच्या तालुक्याला आधी, हे तत्त्वही 1966 पासून लिहिलेले आहे. आता प्रश्न उरतो तो जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकातल्या एका ओळीचा, आणि ती ओळ मागण्याचे काम गावच्या शाळा व्यवस्थापन समितीपासूनही सुरू करता येईल.