स्पायवेअर

स्पायवेअर हे वापरकर्त्याच्या नकळत संगणकात शिरून त्यातील माहिती बाहेर पाठविणारे सॉफ्टवेअर होय. फसव्या ईमेलमधील जोडपत्रे, बनावट संकेतस्थळे व पायरेटेड सॉफ्टवेअर यांतून ते पसरते. कळफलकावर टंकलेले पासवर्ड व साठवलेल्या फाइली ते चोरते. दूरस्थ नियंत्रण देणारे प्रकार संगणकात बाहेरून फाइली ठेवूही शकतात.

नागपूर येथील प्रकरण

एल्गार परिषद प्रकरणात नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना ६ जून २०१८ रोजी अटक झाली. बचाव पक्षाच्या वतीने त्यांच्या संगणकाच्या प्रतीची तपासणी अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने केली. तिच्या २०२१ मधील अहवालानुसार, ईमेलद्वारे आलेल्या नेटवायर या सॉफ्टवेअरमुळे २०१६ पासून सुमारे २० महिने संगणक हल्लेखोराच्या ताब्यात होता व त्यात कागदपत्रे ठेवली गेली. या संस्थेच्या निष्कर्षांवर राष्ट्रीय तपास यंत्रणेने आक्षेप घेतला.

संरक्षण

ओळखीच्या पत्त्यावरून आलेले अनपेक्षित जोडपत्रही पाठविणाऱ्याशी दूरध्वनीवर खात्री केल्याशिवाय उघडू नये. ऑपरेटिंग सिस्टिम व ब्राउझर अद्ययावत ठेवणे आणि रोजच्या वापरासाठी प्रशासकीय अधिकार नसलेले खाते वापरणे उपयुक्त ठरते. अँटिव्हायरसला प्रत्येक स्पायवेअर ओळखता येत नाही. केंद्र शासनाचे सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून संगणक स्वच्छ करण्याची साधने विनामूल्य पुरविते. संशय आल्यास संगणकाचे इंटरनेट तोडून पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत. आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते.