घर बांधणारा गावातच राहायचा तेव्हा

हरिहरेश्वरला घर बांधायचं तर पूर्वी नकाशा आणि काम एकाच हाताचं. गवंडी, सुतार मालकाशी ओटीवर बसून बोलायचे, मग जमिनीवर दोरी धरायचे; तोच नकाशा. जांभ्याचा चिरा, उतरतं छप्पर, वर नळीची कौलं. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला, त्यानंतर चपटी मंगळुरी कौलं कोकणभर पसरली. छपरात चूक राहिली तर पहिल्याच पावसात कळायची, आणि सुतार कुठे जाणार? चार घरं सोडून पलीकडेच!

आता मुंबई-पुण्याच्या कंपन्या डिझाइनपासून किल्लीपर्यंत सगळं एका करारात देतात. म्हणजे पद्धत जुनीच आहे हो, फक्त किल्ली दिली की माणूस गावात नसतो. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धन तालुक्यात छपरं उडवली, ते आपण पाहिलंच.

रेरामध्ये बांधकामातल्या दोषांसाठी पाच वर्षांची जबाबदारी आहे, पण ती बिल्डरच्या प्रकल्पात घर घेणाऱ्यासाठी. स्वतःच्या प्लॉटवर बांधून घेताय? मग ती करारात लिहून घ्या. सीआरझेडची परवानगी कोण काढणार, तेही लिहा. आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावरच.