बाळाचे श्वास कोण मोजणार?

मागच्या दिवाळीत मावशीकडे गेलो होतो, सेनगाव तालुक्यात (जि. हिंगोली). वहिनी बाळंतीण, बाळ चौदा दिवसांचं. सकाळी गावातल्या आशाताई आल्या. साबणाने हात धुतले, झोळीत घालून बाळाचं वजन केलं, काखेत थर्मामीटर लावला आणि मग हातात घड्याळ धरून एक मिनिट गप्प. श्वास मोजत होत्या! नंतर वहिनीला विचारलं, ताप आहे का, अंगावरून जास्त जातंय का, दूध येतंय ना. सगळं फॉर्मात भरलं आणि पुढच्या घरी.

आमच्या टेस्टिंगवाल्या डोक्यात लगेच किडा वळवळला. ही चेकलिस्ट लिहिली कोणी? शोधत शोधत गडचिरोलीला पोचलो.

तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था १९८६ पासून काम करतेय. त्यांच्यापुढची पहिली अडचण फार साधी होती. दोन महिन्यांच्या आतल्या आजारी बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाला, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. पण निरक्षर दाईने साठ मोजायचे कसे? मग वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेलं एक उपकरण केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, की धोका. म्हणजे दाई कमी पडत नव्हती, तिच्या हातातलं साधन कमी पडत होतं. (युजरला नावं ठेवण्याआधी आपण हा विचार करतो का?)

पुढची पायरी नवजात बाळांची. तिथल्या ३९ गावांत तेव्हा हजार जन्मांमागे सुमारे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. १९९५ पासून गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं. बाळ रडलं नाही तर काय करायचं, ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, आणि पालकांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा! बाळंतिणींचीही पाहणी झाली, तर घरी बाळंत झालेल्या ७७२ बायकांपैकी सुमारे ४३ टक्के बायकांना बाळंतपणानंतर काही ना काही आजार निघाला. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचा तो ६२ चा आकडा २५ वर आला. शेजारच्या ४७ गावांशी तुलना करून हा सगळा हिशोब डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

योगायोग बघा, परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला तोही १९९९ मध्येच, १ मे रोजी. पण ती चेकलिस्ट सरकारी होऊन देशभर जायला २०११ उजाडलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाने घरी सहा वेळा जायचं: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवशीही.

आपल्याकडे पाचवी, बारसं, सव्वा महिना हे वेळापत्रक आधीपासून आहेच. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. गंमत म्हणजे महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी जवळपास तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात जातात. सटवाईचा मुहूर्त चुकलेला नव्हता, फक्त तिच्या आसपास कोणीतरी वजनकाटा घेऊन यायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र वाटेत गळली. गडचिरोलीतल्या बायका इंजेक्शन देत होत्या, आशाताई देत नाहीत. त्या धोका ओळखतात आणि दवाखान्यात पाठवतात. तिथून पुढे गाडी मिळणं, रस्ता, डॉक्टर जागेवर असणं... हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवता येत नाही.

मावशीने चहा पुढे केला, तर आशाताई म्हणाल्या, "नको मावशी, अजून दोन घरं राहिलीत. एक बाळ तीन दिवसांचं आहे."

आणि गेल्या पण. चहा मीच प्यायलो.