‘कुणबीण’ : एका शब्दाचा अर्थापकर्ष

अठराव्या शतकातील पेशवेकालीन कागदपत्रांत ‘कुणबीण’ हा शब्द वारंवार आढळतो. परंतु ‘कुणब्याची स्त्री’ असा त्याचा सरळ अर्थ घेणारा अभ्यासक फसतो. या कागदांतील कुणबीण विकली जाते, बक्षीस दिली जाते, पागेत, कोठीत, किल्ल्यावर राबते. ती खरेदी केलेली अथवा धरून आणलेली दासी होय.

‘कुणबी’ हा शब्द संस्कृत ‘कुटुम्बिन्’पासून आला, हे मत सामान्यतः ग्राह्य मानले जाते. म्हणजे कुणबीण ही मुळात ‘कुटुम्बिनी’, घरची धनीण! पुल्लिंगी रूप शेतकऱ्याचे व जातीचे नाव म्हणून टिकले. हीनार्थ चिकटला तो केवळ स्त्रीलिंगी रूपास. या स्त्रिया कुणबी जातीच्याच असत, असे अनुमान मात्र यावरून काढू नये. त्यांत निरनिराळ्या जातींच्या स्त्रिया होत्या. आमच्या मते येथे जातिवाचक शब्द कष्टवाचक झाला आणि कष्टांवरची मालकी परक्याची असल्याने पुढे दास्यवाचक झाला.

१८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारच्या न्यायालयांत दास्यमूलक हक्कांस मान्यता उरली नाही. तथापि मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतही ‘कुणबीण’ या शब्दापुढे हा अर्थ नोंदलेला आहे.