परुळेकर, गोदावरी शामराव
(१४ ऑगस्ट १९०७ – ८ ऑक्टोबर १९९६). तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या डहाणू-उंबरगाव पट्ट्यात वारली आदिवासींची वेठबिगार आणि लग्नगडीची पद्धत मोडणाऱ्या कम्युनिस्ट नेत्या. जन्म पुण्याचा, माहेर गोखले. कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य. १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी विवाह व कम्युनिस्ट पक्षात प्रवेश.

लग्नगडी म्हणजे लग्नासाठी सावकाराकडून पन्नास ते दोनशे रुपये उचलून त्यापायी जन्मभर राबणारा गडी. त्याच्याबरोबर त्याची बायकोही मालकाच्या घरी राबे. हिशेब मालकाच्या वहीत आणि वारल्याला अक्षरओळख नाही, त्यामुळे कर्ज कधी फिटतच नसे. ब्रिटिश हिंदुस्थानात गुलामीची कायदेशीर मान्यता १८४३ सालीच संपली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलाम मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले, त्यालाही सत्तर वर्षे उलटून गेली होती. पण जंगलपट्टीत कायदा पोचला नव्हता.

२३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि चार गोष्टी ठरल्या : रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या खासगी जमिनीवर राबायचे नाही; वेठ करायची नाही; मालकाने हात टाकला तर प्रतिकार करायचा; सगळ्यांनी एक राहायचे. गोदावरीबाईंचे सारे राजकारण या चार कलमांत आहे. पहिली दोन मजुरीची आहेत. खरे वजन तिसऱ्याचे. मालकाची भीती गेल्याखेरीज मजुरी वाढूनही माणूस गुलामच राहतो, हे त्यांनी पाड्यापाड्यांवर पायी हिंडताना पाहिले होते. अमेरिकेतील फ्रेडरिक डग्लस हा कृष्णवर्णीय नेता स्वतः गुलामीतून निसटलेला होता, त्याच्या शब्दामागे भोगलेले आयुष्य होते. गोदावरीबाई बाहेरून आलेल्या, पांढरपेशा घरातल्या. ते अंतर त्यांनी वारल्यांच्या झोपडीत राहून, त्यांचेच अन्न खाऊन तोडले. शेजारच्या पाड्यांतले लग्नगडी सोडवायला वारलीच टोळ्या करून निघाले, ही त्या कामाची सर्वांत मोठी कमाई.

१० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोळ्या सुरू असतानाही लोक लाल बावट्याभोवती रात्रभर बसून राहिले. ज्यांना मालकाच्या नुसत्या हाकेने कापरे भरे, तीच ही माणसे.

सीमेपलीकडे, सिल्वासा हे मुख्य ठाणे असलेल्या नगरहवेलीत, पोर्तुगिजांचा अंमल होता. तिथेही वारलीच राहत होते. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमधील मुक्तिसंग्रामात युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, आझाद गोमंतक दल व राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक यांच्याबरोबर गोदावरीबाईंच्या किसान चळवळीत तयार झालेले वारली आणि कम्युनिस्ट कार्यकर्तेही उतरले. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. सिल्वाशाचा इतिहास सांगताना शहरी तुकड्यांची नावे आधी येतात. वारल्यांचा वाटा त्याच ओळीत नोंदला जायला हवा.

‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या त्यांच्या अनुभवकथनाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. वेठबिगार बंद करणारा केंद्रीय कायदा १९७६ चा. पुढच्याच वर्षी या चळवळीत वाढलेले आदिवासी कार्यकर्ते लहानू कोम डहाणूतून लोकसभेवर निवडून गेले.